खिळ्यावरचं कार्ड

वर्कशॉपच्या भिंतीवर एक खिळा होता. चार बोटं लांब, टोकाला जरा वर वाकलेला, बाकी साधा खिळा. पण त्याचा तोरा असा, की शहरातल्या साठ इमारतींची बंद पडलेली लिफ्ट कधी सुरू व्हायची ते तो ठरवायचा. रोज सकाळी साडेआठला तक्रारींची कार्डं टेबलावर मांडली जायची. त्यातलं एकच कार्ड आप्पा उचलायचे आणि खिळ्याला लावायचे. ते त्या दिवसाचं पहिलं काम. ते हातावेगळं होईपर्यंत दुसऱ्या कार्डाकडे कोणी बघायचं नाही, मग फोनवर कोणी कितीही आकांडतांडव करो. मशीनरूमच्या किल्ल्यासुद्धा कार्ड खिळ्याला लागल्याशिवाय कपाटातून निघत नसत.

खिळ्याखाली आप्पांनी स्वतःच्या हाताने पांढऱ्या रंगात तीन प्रश्न लिहून ठेवले होते. कोण अडकलंय? त्याला दुसरी वाट आहे का? उद्यावर टाकलं तर चालेल का? अक्षर मोत्यासारखं. येणारा-जाणारा ते वाचायचा आणि मान डोलवायचा. सहा वर्षांपूर्वी आप्पांनी वर्कशॉप लेकीच्या हवाली केलं होतं. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला मेकॅनिक लंबूसुद्धा. पण पहिलं कार्ड मात्र अजून आप्पाच लावत. खिळ्याशेजारी त्यांची खुर्ची होती आणि तिच्यावर दुसरं कोणी बसत नसे. पंच्याहत्तरी गाठलेला माणूस, स्वतःच्या इमारतीची लिफ्ट तेवीस दिवस बंद, तरी रोज सहा मजले जिना उतरून, पायी चालत साडेआठच्या ठोक्याला हजर. लोकांना केवढं कौतुक. ताईलाही होतं, काल संध्याकाळपर्यंत.

काल संध्याकाळी आईचा फोन आला. आई कामाशिवाय फोन करत नसे आणि तिला कधी काही काम नसे, निदान ती तसं म्हणत असे.

"मावशीला नेतायत गं उद्या," आई म्हणाली.

"कुठे?"

"मुलाकडे. चार तासांचा रस्ता आहे. अकराला गाडी येणार आहे." मग तिने आवाज खाली आणला. "मला एकदा खाली उतरवशील का?"

आई चार वर्षं व्हीलचेअरवर होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन बिघडलं आणि पाय गेले ते गेलेच. तिची धाकटी बहीण दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावर राहायची. तिचे पाय ठीक होते, पण दोन्ही हात थरथरायचे आणि दम असा लागायचा की चार पायऱ्याही चढवत नसत. एकीचे पाय नाहीत, एकीचे हात नाहीत. दर गुरुवारी आई लिफ्टने खाली यायची, शेजारची मुलगी तिची खुर्ची ढकलत मावशीकडे सोडायची आणि आई मावशीची नखं कापून द्यायची. हातांची आणि पायांची. मावशी दुसऱ्या कोणाला नखांना हात लावू देत नसे. मुलाने एकदा कापायचा प्रयत्न केला तर तिने त्याला असा चावा घेतला की तो आठवडाभर बोट दाखवत फिरला. वीस मिनिटांचं काम, पण दोघी त्याला तीन तास लावायच्या.

लिफ्ट बंद पडल्यापासून तीन गुरुवार गेले होते. पहिल्या आठवड्यात शेजारच्या चौघांनी आईला खुर्चीसकट उचलून खाली न्यायचं ठरवलं आणि चौथ्या मजल्याच्या वळणावर एकाचा हात सुटला. खुर्ची कलंडली, आई कठड्याला आदळली. त्यानंतर जिन्याचं नाव काढलं की तिच्या ओठांवरचा रंग जायचा.

"तुझे आप्पा म्हणतात, पार्ट मागवलाय, यायला वेळ लागतो," आई फोनवर म्हणाली. "वेळ लागतच असेल. पण तिची नखं वाढलीत गं. तिथे कोण कापणार?"

हे पार्टचं ताईनेही ऐकलं होतं. तीन रविवार ती आईला भेटायला सहा मजले चढून गेली होती आणि तिन्ही रविवारी तिने विचारलं होतं. "मागवलाय," आप्पा म्हणाले होते, तिन्ही वेळा, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता. आणि ताईने ते मान्य केलं. दिवसभर दुसऱ्यांच्या मशीनरूममध्ये डोकं घालणारी बाई स्वतःच्या आईच्या लिफ्टपुढून सहा वेळा गेली आणि एकदाही दार उघडून बघितलं नाही. का, तर आप्पांनी सांगितलंय म्हणून. रात्रभर तिला याच गोष्टीचा राग येत होता आणि तो अजून स्वतःवरचाच राग होता.

सकाळी ती आठलाच वर्कशॉपला पोचली. पार्ट आलेला असो की नसो, ती काहीतरी जुगाड करून लिफ्ट एकदा खाली आणणार होती. आईला खाली उतरवायचं, मावशीकडे न्यायचं, पुढचं पुढे. तेवढ्यासाठी तिला कोणता पार्ट मागवलाय ते बघायचं होतं. तिने पेंडिंग कामांची फाइल उघडली. आप्पांच्या इमारतीचं कार्ड नव्हतं. मागवलेल्या सामानाची वही बघितली. तिथेही काही नव्हतं. झालेल्या कामांचा गठ्ठा पालथा घातला. नव्हतं.

साडेआठला आप्पा आले. नेहमीचा राखाडी कोट, नेहमीची काठी, जी ते टेकत कमी आणि मिरवत जास्त. लंबूने खुर्ची पुसली. फोनवाली आपल्या टेबलावर जाऊन बसली. आप्पांनी टेबलावरची पाच कार्डं वाचली, चष्मा वर केला, खाली केला आणि एक उचललं.

"दवाखाना," ते म्हणाले. "हे पहिलं."

"दवाखान्यात दोन लिफ्ट आहेत," ताई म्हणाली. "दुसरी चालू आहे."

"दवाखाना तो दवाखाना."

"आप्पा, आपल्या बिल्डिंगचं कार्ड कुठाय?"

आप्पांनी कार्ड खिळ्याला लावलं. दोन्ही बाजूंनी सरळ आहे ना ते पाहिलं. "त्याचा पार्ट यायचाय."

"कोणता पार्ट? वहीत नाही. फाइलमध्ये नाही. मला फक्त पार्टचं नाव सांगा."

"तू आता माझी उलटतपासणी घेणार का?"

खोलीत लंबू होता, दुसरा मेकॅनिक होता, फोनवाली होती. तिघेही एकदम आपापल्या कामात गढून गेले. लंबू तर एक कोरडा स्पॅनर फडक्याने इतका पुसायला लागला की त्याची सालं निघावीत.

"हो," ताई म्हणाली. "आईला आज अकराच्या आत खाली उतरवायचंय. मावशी जाणार आहे. तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे." आप्पा खुर्चीत बसले, काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली. "आणि म्हणूनच नाही. घरचं काम शेवटी. हे वर्कशॉप त्या एका गोष्टीवर उभं आहे. उद्या लोक म्हणतील, म्हातारा खुर्चीवर बसून स्वतःच्या बायकोचं कार्ड आधी लावतो. चाळीस वर्षांत एक माणूस माझ्याकडे बोट दाखवू शकला नाही. तू जन्मलीस त्या दिवशीसुद्धा—"

"ती गोष्ट आज नको."

ती गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. ताईच्या जन्माच्या दिवशी आप्पांच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि त्याच वेळी मोठ्या इस्पितळाचीही. आप्पा इस्पितळात गेले. आई कळा सोसत सहा मजले उतरली. आप्पांच्या निरोप समारंभात ही गोष्ट माइकवरून सांगितली गेली होती आणि टाळ्या थांबता थांबेनात. आई पहिल्या रांगेत बसली होती. ती हसली होती. ताईला आता आठवलं, ती हसली होती, टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

तेवढ्यात फोनवालीच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला ती वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही. वर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"ताई, कार्ड आहेत," ती म्हणाली. "एक नाही. नऊ आहेत."

"तू तुझं काम कर," आप्पा म्हणाले.

"माझं कामच आहे ते. फोन घ्यायचा, कार्ड लिहायचं. मी नऊ लिहिली. आप्पा म्हणाले, आमच्या बिल्डिंगची कार्डं टेबलावर ठेवत जाऊ नकोस, माझ्याकडे दे, मी बघतो. मी देत गेले. मला वाटलं, बघतायत."

ताई वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. लहानपणी तिने याच माणसाच्या खांद्यावर बसून पहिल्यांदा मशीनरूम पाहिली होती. कोणती तार जिवंत, कोणती मेली ते यानेच शिकवलं होतं. तिने हात पुढे केला. आप्पा हलले नाहीत. मग तिने तेच केलं जे आयुष्यात कधी केलं नव्हतं. वाकून त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. कार्डं तिथेच होती, रबर लावून, व्यवस्थित तारखेप्रमाणे. वाईट कामातसुद्धा माणसाची शिस्त बघा.

तिने ती मोठ्याने वाचली. दुसरा मजला, गरोदर बाई, आठवा महिना. तिसरा मजला, घरात तान्हं बाळ. चौथा मजला, दोन घरं. पाचवा मजला, हृदयाचं ऑपरेशन झालेले शिक्षक, एकदा आणि पुन्हा एकदा. पाचवा मजला, समोरचं घर. मग शेवटची दोन. त्यावर नाव नव्हतं. फोनवालीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: सहावा मजला. एक बाई आहे, व्हीलचेअरवर. तिला गुरुवारी खाली जायचं असतं.

"मी आवाज ओळखला होता," फोनवाली म्हणाली. "पण त्या म्हणाल्या, नाव लिहू नकोस. साधं कार्ड लिही. सगळ्यांसारखं."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईने नावसुद्धा सोडलं होतं. घरची ठरले तर शेवटचा नंबर लागेल म्हणून ती चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याच्या वर्कशॉपला अनोळखी बाई होऊन फोन करत होती. आणि नवरा ते कार्ड खिशात घालून, सहा मजले चढून घरी जात होता, तिच्या समोर बसून जेवत होता आणि पार्ट मागवलाय म्हणत होता.

"हे वाचलं तेव्हा कळलं नाही तुम्हाला कोण आहे?"

"कळलं."

"मग?"

"मी लावणार होतो." आप्पांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "रोज ठरवून यायचो. पण रोज कोणीतरी जास्त अडलेलं असायचं. दवाखाना, शाळा, काहीतरी. आणि दिवस जास्त झाले तसं अवघड होत गेलं. विसाव्या दिवशी कार्ड काढलं तर लोक विचारतील, इतके दिवस कुठे होतं?"

"ठीक आहे," ताई म्हणाली. तिने खिळ्याखालच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "तुमचेच प्रश्न आहेत. तुम्हीच उत्तरं द्या. कोण अडकलंय?"

आप्पा खिळ्यावरच्या कार्डाकडे बघू लागले.

"आप्पा, मी विचारतेय. कोण अडकलंय?"

"तुझी आई."

"तिला दुसरी वाट आहे?"

"नाही."

"उद्यावर टाकलं तर चालेल?"

आप्पांनी काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली. "पण चौथा प्रश्नही असतो," ते म्हणाले. "आपल्या शब्दाचं काय राहील?"

"तो भिंतीवर नाही लिहिलेला. तो तुम्ही पोटात ठेवलात आणि त्याच्यावर सात घरं जिन्यात उभी केलीत. याला न्याय नाही म्हणत. तुम्हाला टाळ्या हव्या होत्या, आप्पा. आई वर बसून राहिली तरी चालेल, पण टाळ्या कमी व्हायला नकोत."

तिने दवाखान्याचं कार्ड खिळ्यावरून काढलं आणि बिननावाचं कार्ड लावलं. वाकडं लागलं. तिने ते सरळ केलं नाही. कपाट उघडलं, किल्ली घेतली, उरलेली आठ कार्डं आपल्या खिशात टाकली आणि लंबूला म्हणाली, "गाडी काढ."

नऊ वाजून गेले होते. गाडीत लंबू मूग गिळून बसला होता. दोन सिग्नल गेल्यावर न राहवून म्हणाला, "ताई, आप्पा देवमाणूस आहेत हो."

"देवाला बायको नसावी मग," ताई म्हणाली.

सहाव्या मजल्यावर आई लिफ्टच्या दारासमोर बसली होती. घराच्या आत नाही, बाहेर पॅसेजमध्ये, खुर्चीचे ब्रेक लावून. धुतलेले केस, चांगले कपडे, मांडीवर छोटी पर्स. घराचं दार मागे ओढून घेतलेलं. सात वाजल्यापासून बसलीय, शेजारची मुलगी म्हणाली, कितीही सांगितलं तरी आत जात नाही.

"पार्ट आला का गं?" आईने विचारलं.

ताईला खरं सांगायचं होतं. पण तिला पाच मिनिटंही घालवायची नव्हती. "बघते," ती म्हणाली आणि मशीनरूमकडे धावली.

बिघाड शोधायला अर्धा तास गेला. लिफ्टच्या प्रत्येक मजल्याच्या दाराला एक लॉक असतं, त्यात एक पितळी पट्टी असते. दार नीट लागलंय हे त्या पट्टीवरून मशीनला कळतं. एक जरी पट्टी नीट टेकली नाही तरी मशीन जागचं हलत नाही. तिसऱ्या मजल्याच्या दाराची पट्टी काळी पडली होती आणि तिच्यात एक झुरळ मरून वाळलं होतं. बस्स. पार्ट नाही, बिर्ट नाही. लंबूने झुरळ काढलं, ताईने बारीक पॉलिश पेपरने पट्टी घासली, स्प्रिंग जरा वाकवली, दार दहा वेळा लावून पाहिलं. सगळं मिळून वीस मिनिटं. तेवीस दिवस आणि वीस मिनिटं. तिने पॉलिश पेपर जिन्यावर असा फेकला की लंबू दोन पायऱ्या मागे सरकला.

या दारापुढून ती सहा वेळा गेली होती. तीनदा चढताना, तीनदा उतरताना.

सव्वादहाला लिफ्ट सहाव्या मजल्यावर आली. आईने आत शिरताना दोन्ही हातांनी पर्स धरली होती. खाली पोचेपर्यंत ती मजल्यांचे दिवे बघत राहिली आणि प्रत्येक दिवा लागला की मान हलवत राहिली. ताईने खुर्ची ढकलायला सुरुवात केली आणि पहिल्या गल्लीतच तिचा वेग इतका वाढला की आई म्हणाली, "अगं, अकरा वाजायचेत अजून. मला रस्त्यावर सांडशील."

मावशीच्या घराचं दार उघडं होतं. आत एक बाई फरशी पुसत होती. पलंगावरची गादी गुंडाळलेली होती.

"गेले की," ती बाई म्हणाली. "दहालाच निघाले. मुलगा म्हणाला, नंतर रस्त्याला गर्दी होते. तुमच्या घरी दोनदा फोन लावला त्यांनी. नुसता वाजत होता. त्या म्हणत होत्या, थांबा जरा, माझी बहीण खाली येणार आहे. मुलगा म्हणाला, तुझी बहीण खाली कशी येईल, लिफ्ट बंद आहे ना."

फोन आत वाजत होता आणि आई बाहेर, ओढलेल्या दाराच्या पलीकडे, लिफ्टसमोर तयार होऊन बसली होती.

आईने पर्स उघडली, नेलकटर बाहेर काढलं, हातात धरलं आणि परत आत ठेवलं. पर्सची चेन लावायला तिला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. ताईने खिशातून फोन काढला. "लावते मी. गाडीतच असतील. बोल तिच्याशी."

"फोनवर तर रोज बोलतो आम्ही," आई म्हणाली. "फोनवर नखं कापता येतात का?"

परतताना ताईने सगळं सांगितलं. पार्ट नव्हता. नऊ कार्डं होती. कोटाच्या खिशात होती. आईची मान पुढेच होती, त्यामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता. पहिली गल्ली संपली, दुसरी लागली.

"माझं कार्ड वाचलं होतं त्यांनी?" आईने शेवटी विचारलं.

"हो."

"आणि ओळखलं?"

"हो."

"मी मुद्दाम आवाज बदलला होता," आई म्हणाली. "मूर्खासारखा." मग पर्स मांडीवर सरळ करत, "तुझ्या वेळेला मी चालत उतरले. तेव्हा मला पाय होते. म्हणून त्यांची गोष्ट चांगली झाली."

इमारतीच्या खाली आप्पा उभे होते. वर्कशॉपहून पायी आले असावेत, कारण कोट घामाने पाठीला चिकटला होता. त्यांनी दोघींना बघितलं, मांडीवरची पर्स बघितली आणि त्यांना विचारायची गरज पडली नाही. लिफ्ट तळमजल्यावर होती. त्यांनी पुढे होऊन दार उघडलं, अदबीने धरून ठेवलं. ताईने खुर्ची आत घेतली. आप्पा मागोमाग आत यायला लागले.

आईने हात आडवा केला.

"तुम्ही जिन्याने या," ती म्हणाली.

"अगं, गुडघे—"

"तेवीस दिवस जमलं. आज चोविसावा."

आप्पांनी लेकीकडे पाहिलं. ताईने खिशातून आठ कार्डं काढली, रबरासकट त्यांच्या हातात ठेवली.

"हे तुमचं आजचं पहिलं काम," ती म्हणाली. "सात घरं आहेत. प्रत्येक दाराची बेल वाजवायची आणि लिफ्ट का बंद होती ते सांगायचं. पार्टचं नाही. खरं. हे संपल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही. शेवटचं घर सहाव्या मजल्यावर आहे. तिथेही किल्ली लावायची नाही. बेल वाजवायची."

"लोक काय म्हणतील?"

"ते लोकच सांगतील तुम्हाला."

तिने दार लावलं आणि बटण दाबलं.

घरात आल्यावर आईने खुर्ची मुख्य दारासमोर लावून घेतली, ब्रेक लावले. ताईने पाणी दिलं. ते तिने तसंच हातात धरून ठेवलं. जिन्यातून सगळं ऐकू येत होतं. दुसऱ्या मजल्यावर बेल वाजली. आप्पांचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. मग एका बाईचा आवाज चढला आणि तो मात्र सहा मजल्यांपर्यंत स्पष्ट कळला, "आठ महिन्यांचं पोट घेऊन मी रोज चढतेय हो!" दार धाडकन आपटलं. मग काठीचा आवाज, पायरीवर, आणखी एका पायरीवर.

"उद्याचं पहिलं काम काय आहे तुझं?" आईने विचारलं.

ताईने खिशातून एक कोरं कार्ड काढलं, भिंतीला टेकवून त्यावर लिहिलं आणि आईला दाखवलं. मावशीची नखं. चार तासांचा रस्ता. आईने ते वाचलं आणि पर्समध्ये नेलकटरशेजारी ठेवलं.

तिसऱ्या मजल्यावर बेल वाजली. चौथ्यावर दोन. पाचव्यावरचे शिक्षक ओरडले नाहीत. त्यांचं दार उघडल्याचं आणि खूप वेळ उघडं राहिल्याचं कळलं, आणि मग हळूच लागल्याचं. ते ऐकताना आईने पहिल्यांदा डोळे पुसले. समोरच्या घरची बेल वाजली. मग शेवटचा जिना. आप्पा मध्येच थांबत होते, दम घेत होते. ताईचा हात दाराच्या कडीकडे गेला. राग होता, पण बापाचा दम ऐकवत नव्हता.

बेल वाजली.

"उघडू नकोस," आई म्हणाली. "आधी सांगू दे."

बाहेर काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. चष्मा काढून पुन्हा लावल्यासारखी काहीतरी खुडबुड झाली. मग आप्पांचा आवाज आला, घोगरा, अर्धा श्वासात अडकलेला.

"कार्ड माझ्या खिशात होतं."

आईने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मोठ्याने," ती म्हणाली.